दर दुसरी बेल

बसा रे सगळे. डेटाबेसची कॉपी व्हायला अजून तासभर तरी जाईल, आणि त्या पट्टीकडे टक लावून बघत बसलात म्हणून ती काही भराभर सरकणार नाही. चहा कुणी केलाय? बरा झालाय. साखर कमी आहे, पण माझ्या डॉक्टरला आवडेल.

हां, तर मघाशी तू त्या फाइलमधून जुन्या मशीनचा पत्ता न काढताच पुढं निघालीस आणि मी तुझ्यावर ओरडलो. तुला वाटलं, म्हातारा उगाच कटकट करतोय. म्हणालीस, "सर, ते मशीन बंद आहे. गेटवे त्याला आपोआप वगळेल की." बरोबर आहे तुझं. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. पण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी एकदा दुसऱ्या एकाच्या तोंडून ऐकलंय. त्याची गोष्ट सांगतो. खोटी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, पण पूर्ण ऐकून म्हणा. आणि ते मागचं दार लावून घे बाबा, वारा येतोय.

माझ्याबरोबर कामाला होता तो. खरं नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. ऑफिसात सगळे त्याला भालदार म्हणायचे, कारण गेटवे बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि गेटवे म्हणजे तरी काय, दारावरचा भालदारच. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येणार. तू कोण, कुणाकडे चाललीस, ओळख दाखव. मग तो तिला आतल्या योग्य मशीनकडे पाठवणार. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आपला हा वॉचमन पण येऊन बसलाय ना, त्याच्यासाठी सांगतोय. बघ बाबा, तुझं नि त्याचं काम एकच. फक्त त्याला पगार चौपट.

भालदाराचे आईबाप तो लहान असतानाच गेले. आत्यानं वाढवला. तिनं स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "एक कार्टं आयतं मिळालं, आणखी हौस कशाला?" मोठी फटकळ बाई. पण त्याच्यावर जीव असा, की हा चाळिशीचा झाला तरी थंडीत बाहेर पडताना त्याच्या गळ्याभोवती मफलर स्वतः गुंडाळायची. त्याला दुसरं कुणी नव्हतं. तिलाही नव्हतं.

ती आत्या आजारी पडली. फुप्फुसं निकामी होत चालली होती. गावातल्या एका चार मजली हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत तिला ठेवली होती. नाकात ऑक्सिजनची नळी. रात्री झोपेत कूस बदलली की नळी सुटायची, श्वास अडकायचा, मग ती उशाशी लोंबणारं बटन दाबायची. सिस्टर धावत येऊन नळी बसवायची, की झालं. पण बटन दाबलं आणि कुणी आलंच नाही, तर चार-पाच मिनिटांचा खेळ होता.

आता योगायोग असा, की त्याच हॉस्पिटलचं काम आमच्या कंपनीला मिळालं. बेलच्या जुन्या वायरी काढून सगळ्या बेल नेटवर्कवर घ्यायच्या होत्या. पेशंटनं बटन दाबलं की ती हाक गेटवेकडे येणार, गेटवे ती बेलच्या मशीनकडे पाठवणार, मशीन सिस्टरच्या टेबलावर वाजवणार. सिस्टरनं ऐकून बटन दाबलं की पडद्यावर 'येत आहे' असं दिसणार. आणि पेशंटजवळ जाऊन भिंतीवरचं हिरवं बटन दाबलं, की 'पूर्ण'. संस्थेचा हात आखडता, म्हणून गेटवे ओपन सोर्स घ्यायचा ठरलं. जगभरातल्या लोकांनी मिळून बांधलेला, फुकट. भालदारानं काम मागून घेतलं. कामाचं काम आणि रात्री आत्याच्या जवळपास राहणं.

मार्चमधला शेवटचा शनिवार होता. रात्री बाराला जुनं बंद करून नवं चालू करायचं ठरलं होतं. खाली जाण्याआधी तो आत्याला भेटून आला.

"खाली काय करतोस रे रात्रभर?"

"फाटक बसवतोय, आत्या."

"मग त्यावर बस पाय हलवत, आणि विचार सगळ्यांना, कुठं निघालात म्हणून." हसताना तिला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाली, "अंगावर काहीतरी घे. खाली गारठा असतो. तुला कधी कळायचं?"

"घेतो," असं म्हणून तो तसाच खाली आला. शर्टावरच.

सर्व्हरची खोली तळमजल्यावर होती, मागच्या बाजूला. पूर्वी तिथं एक वॉर्ड होता, तो कधीच बंद झाला होता. खाटा काढून नेल्या होत्या, फरशीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते. त्या वॉर्डची औषधांची खोली आता सर्व्हरला दिली होती. तिला लागून एक छोटी केबिन, दाराला अर्धी काच, बाहेरून कुलूप. हॉस्पिटलातले म्हातारे वॉर्डबॉय, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते किल्ली द्यायला आले होते.

"ही खोली कसली, मामा?"

"रात्रीच्या थोरल्या सिस्टरची. जुन्या बेलचं मशीन आहे आत. तीस वर्षं रात्रपाळीच केली त्यांनी. बेल दुसऱ्यांदा वाजू द्यायच्या नाहीत. आणि चादर अशी खोचायच्या, साहेब, की पेशंटला पाय म्हणून हलवता यायचा नाही. लोक हसायचे. पेशंट झोपलेला असो की गेलेला असो, चादर तशीच."

"आता कुठं असतात?"

मामा किल्ली जुडग्यातून काढत होते. ते थांबले.

"खुर्चीतच गेल्या. सकाळी बघितलं. समोर मशीनवर सगळे दिवे लागलेले होते. रात्रभर लोक बेल मारत होते... वायर मीच काढली मग, बेल वरच्या टेबलाकडे वळवल्या. तेव्हापासून कुणी लावलेली नाही." आणि त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "येतो मी. माझी पाळी संपली."

भालदार काही भुताखेतांना घाबरणारा नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून तो कामाला लागला. आधी डेटाबेस टाकला, मग गेटवे, मग गेटवेची टेबलं डेटाबेसमध्ये बनवून घेतली, सुरू केला, पत्ता टाकून बघितलं. उत्तर आलं, चालू आहे. कितीही वर्षं हे काम करा, ते पहिलं उत्तर आलं की बरं वाटतंच.

मग आली तुझी फाइल. बेलच्या मशीनचे पत्ते. त्यात दोन होते, एक नव्या मशीनचा आणि एक त्या केबिनमधल्या जुन्याचा. त्यानं हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना फोन लावला. ते घरी, अंथरुणात. तिथून उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे म्हणाले, "जुनं काही काढू नका हं. असू दे. लागलं सवरलं तर." भालदारानं नंतर मला सांगितलं, त्या वेळी त्याच्या मनात एवढंच आलं, की जाऊ दे, मशीन बंद आहे, गेटवे त्याला आपोआप वगळेल. आणि दोन्ही पत्ते ठेवून तो पुढं गेला.

वॉचमन, तुला हे सांगायला हवं. आत दोन मशिनं असली की गेटवे पाळीपाळीनं हाका वाटतो. खेळताना पत्ते वाटतात तसं, एक याला, एक त्याला. आणि दर काही सेकंदांनी दोघांनाही विचारतो, आहेस का? 'आहे' असं उत्तर आलं तर हिरवा ठिपका. नाही आलं तर लाल, आणि मग त्याला वाटा नाही. मेलेल्याला कुणी पत्ते वाटत नाही.

त्याच्या टेबलावर चाचणीसाठी एक बेलचं बटन होतं, लांब वायरचं. गेटवेमध्ये त्याचं नाव 'टेबल'. त्यानं ते दाबलं. वरून सिस्टरचा फोन आला, "आला हो आवाज. आता सारखं दाबू नका, दचकायला होतं." रात्रपाळीची सिस्टर तरुण होती, चार मजले मिळून तीसेक पेशंट आणि ती एकटी. डॉक्टर झोपायला वरच्या खोलीत.

बारा वाजले. संध्याकाळीच जुन्या वायरी तोडून ठेवल्या होत्या. त्यानं नवं चालू केलं.

पडद्यावर दोन हिरवे ठिपके.

त्याला विशेष वाटलं नाही. सुरुवातीला सगळंच हिरवं दिसतं, दोन-तीनदा विचारून उत्तर आलं नाही की होईल लाल. तेवढ्यात पहिली बेल आली. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे शाळामास्तर. बटन दाबलं, लगेच 'येत आहे', आणि तो 'येत आहे' वाचून होतो न होतो तोच 'पूर्ण'. हा चाट. एवढी चपळ सिस्टर? मग चौथ्या मजल्यावरची एक बेल. तिला चार मिनिटं लागली. त्यानं गमतीनं फोन लावला.

"काय सिस्टर, मास्तरांकडे धावत जाता आणि बाकीच्यांकडे रमतगमत होय?"

"कोण मास्तर?"

"दुसऱ्या मजल्यावरचे. आत्ताच जाऊन आलात की."

"त्यांची बेल आलीच नाही मला."

तो म्हणाला, "जरा बघून येता?"

तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला. चपलांचा आवाज लांब गेला. बराच वेळ काही नाही. मग ती परत आली, आणि तिचा आवाज उतरला होता.

"मास्तर गेले. झोपेतच गेले असावेत. पण... ही चादर कुणी खोचली? हनुवटीपर्यंत. मला सोडवता येईना."

भालदारानं पडद्याकडे बघितलं. दोन्ही ठिपके हिरवेच. त्यानं दुसऱ्या पत्त्याची नोंद उघडली. गेटवे विचारत होता, आहेस का? उत्तर येत होतं. आहे. आहे. आहे. नव्या मशीनपेक्षा झटपट येत होतं.

मोबाइलचा दिवा लावून तो बाहेर पडला. केबिनच्या काचेला डोळा लावला. आत टेबल, टेबलावर जुनं मशीन, त्यावर बोटभर धूळ. वायर गुंडाळून मशीनच्या डोक्यावर ठेवलेली. नेटवर्कची केबल नव्हतीच. कुलपाला गंज. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली.

तो परत आला आणि त्यानं तो पत्ता काढून टाकला. काढला, असं उत्तर आलं. यादी पुन्हा उघडली. पत्ता होता. पुन्हा काढला. पुन्हा होता. आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गेटवेच बंद करावा? मग सगळ्याच बेल मुक्या. आत्याचीही. तिची नळी सुटली तर ती अंधारात बटन दाबत राहील, आणि कुणालाच कळणार नाही. त्यानं सिस्टरला पुन्हा फोन केला.

"माझ्या आत्याजवळ थांबता का जरा? तिसऱ्या मजल्यावर?"

"अहो, मी इथं मास्तरांचं बघू, डॉक्टरांना उठवू, की आत्यांजवळ बसू? बेल आहे ना त्यांच्या हाताशी? वाजली की येते मी. कधी आले नाही असं झालंय का?" आणि फोन ठेवला. तिचंही चूक नव्हतं.

तो उठला. सरळ वर जाऊन आत्याच्या उशाशी बसायचं, बाकी जग गेलं खड्ड्यात. जिन्यापर्यंत गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या मनात हिशेब चालू होता, आणि तो थांबेना. चाचणीची बेल नव्या मशीनला गेली. मास्तरांची जुन्याला. चौथ्या मजल्यावरची नव्याला. म्हणजे आता जी येईल, ती त्या थोरल्या सिस्टरची. वर तीस माणसं झोपली होती. प्रत्येक जण कुणाची तरी आत्या असेल.

...तो परत फिरला.

सिस्टरची पाळी आणि त्या बाईंची पाळी, आलटून पालटून. एवढंच करायचं होतं, की बाईंची पाळी आली की वरच्या कुणाची हाक तिथं जाऊ द्यायची नाही. मध्ये आपली घालायची. वरून बेल आली, ती सिस्टरला गेली, की लगेच खालून आपण दाबायचं. म्हणजे वरची पुढची पुन्हा सिस्टरलाच. वरच्या सगळ्यांच्या हाका जिवंत माणसाला.

आणि आपली प्रत्येक हाक...

त्यानं टेबलावरचं बटन हातात घेतलं. मला म्हणाला, ते बटन मी आयुष्यात इतका वेळ कधी हातात धरलं नव्हतं. मग दाबलं.

पडद्यावर आलं. टेबल. येत आहे.

पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाकी काही नाही. पंख्याचा आवाज. तो बसून राहिला. 'पूर्ण' होण्याची वाट बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की 'पूर्ण' होणारच नाही. हिरवं बटन पेशंटच्या भिंतीवर असतं. या टेबलाला ते नव्हतंच. त्याची हाक मिटवायला काही सोयच नव्हती.

वरून एक बेल आली. सिस्टरला गेली. त्यानं लगेच दाबलं. टेबल. येत आहे.

बाहेरच्या मोकळ्या वॉर्डात चपला वाजल्या. घासत. सावकाश. बऱ्याच वर्षांनी उठलेल्या माणसाच्या. थोड्या चालल्या... आणि थांबल्या.

त्यानं गळ्याला हात लावला. घाम होता, आणि खोली गार पडत चालली होती. पळून जावं, असं पुन्हा मनात आलं. तेवढ्यात बेल. सिस्टरला. आता पुन्हा त्याची. हात उचलेना. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा बटनावर दाबला.

टेबल. येत आहे.

चपला दारापर्यंत आल्या.

दार त्याच्या पाठीमागे होतं. त्यानं मागं बघितलं नाही. समोर पडद्याच्या काळ्या कडेत दाराचं प्रतिबिंब पडत होतं, तिकडंही बघितलं नाही. दार लावलेलं होतं. त्याला नक्की आठवत होतं, लावलेलं होतं. आता मानेवर गार हवा येत होती.

कुणीतरी उभं होतं.

बोलत नव्हतं. श्वासही नाही.

आणि बेल आली. तिसरा मजला. कोपऱ्याची खोली.

आत्या.

पडदा वाचायला त्याला वेळ लागला, डोळ्यांपुढं अक्षरं ठरेनात. कुणाकडे गेली? ...नव्याकडे. सिस्टरकडे. पण सिस्टर 'येत आहे' दाबेना. दाबेना. ती मास्तरांकडे असेल. डॉक्टरांकडे असेल. आत्या वर एकटी. नळी सुटलेली. त्याचेच श्वास अडकायला लागले. आणि तेवढ्यात त्याला जाणवलं, मानेवरची गार हवा गेली. मागं कुणी नव्हतं.

मला म्हणाला, ती उभी होती तेव्हा मी जेवढा घाबरलो नव्हतो, तेवढा ती गेली तेव्हा घाबरलो.

येत आहे.

...

पूर्ण.

त्यानं डोकं टेबलावर टेकलं आणि तो रडला. मोठा माणूस, हुंदके देऊन. आत्या जगली होती. मग त्यानं डोळे पुसले. कारण आता पाळी पुन्हा त्या बाईंची होती, आणि वर कुणीतरी कोणत्याही क्षणी कूस बदलणार होतं.

त्यानं दाबलं.

या वेळी चपला वाजल्या नाहीत. दार वाजलं नाही. काहीच नाही.

त्याच्या मांडीवर कापड पडलं.

त्यानं डोळे गच्च मिटले. कापड पायांवरून खाली गेलं. पावलांपाशी कुणीतरी वाकलं. एक कोपरा दुमडला. ओढला. खोचला. मग दुसरा. हात सराईत होते. घाई नव्हती. त्यानं पाय हलवून बघितले. हलेनात.

बेल येत राहिल्या, डोळे किलकिले करून तो पडद्यापुरतं बघत राहिला, आणि दाबत राहिला. उजाडेपर्यंत.

सकाळी मामा चहाची किटली घेऊन आले. भालदार खुर्चीत ताठ बसला होता, कमरेपासून खाली पांढऱ्या चादरीत, चादर खुर्चीच्या पायांत अशी खोचलेली की खुर्चीच हलवता येईना. मामांनी किटली खाली ठेवली. दोघांनी मिळून ती सोडवली. पडद्यावर दुसरा ठिपका लाल झाला होता. भालदारानं पत्ता काढला. लगेच गेला. पुन्हा आला नाही.

त्या रात्री मास्तर सोडले तर दुसरं कुणी गेलं नाही.

तो वर आत्याकडे गेला. ती उशीला टेकून बसली होती, तोंड अगदी टवटवीत.

"रात्री दोघी आल्या होत्या रे," ती म्हणाली. "ही आपली धावती पोरगी आली, तिनं नळी बसवली आणि पळाली. दुसरी दारातच उभी. वयस्कर होती. म्हटलं, या की आत. तर म्हणाली, मला इथून बोलावणं नाही. मला खालून बोलावणं आहे, सारखं."

भालदार आत्याच्या खाटेची कड धरून उभा होता.

"मग?"

"मग काय? म्हटलं, खाली माझा भाचा आहे. एकटाच बसलाय गारठ्यात, अंगावर काही घेत नाही. त्याला दुसरं कुणी नाही हो. माझ्यामागं कोण बघणार त्याच्याकडे? बघा जरा." आत्यानं त्याचा हात थोपटला. "मोठी चांगली बाई. म्हणाली, तुम्ही काळजी करू नका. आता मी बघते त्याच्याकडे."

भालदारानं आत्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? पुढं दोन वर्षं जगली ती, आणि घरी, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. समाधानानं गेली.

गेल्या वर्षी मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा हे सगळं त्यानं मला सांगितलं. एकटाच राहतो. तो गेटवे कधीच पुसला गेलाय, ते हॉस्पिटल दुसऱ्या कंपनीकडे गेलंय. "पण माझ्या हाका मिटल्याच नाहीत ना," तो म्हणाला. "सगळ्या 'येत आहे'वरच राहिल्या." मग पायजमा वर करून त्यानं घोटे दाखवले. घट्ट बांधल्यासारखे वळ होते. आत्या होती तोवर काही नव्हतं. ती गेली त्या आठवड्यापासून सकाळी उठला की चादर पायाशी खोचलेली. मग गुडघ्यापर्यंत. आता छातीपर्यंत येते, म्हणाला. घर बदललं, चादरी बदलल्या, बिनचादरीचा झोपला. काही उपयोग नाही.

मी म्हटलं, आज झोपूच नकोस. बसू आपण गप्पा मारत. त्याच्या खोलीतली चादर मी माझ्या हातानं ओढून काढली, बोळा करून कोपऱ्यात टाकली, दार बाहेरून लावून घेतलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. रात्रभर आम्ही पुढच्या खोलीत समोरासमोर बसलो. तो एकदाही उठला नाही. मीही नाही. आतून आवाज म्हणून आला नाही.

उजाडल्यावर मी कुलूप काढलं. तो माझ्यामागं उभा होता.

चादर खाटेवर पसरलेली होती. चारही बाजूंनी खोचलेली, एक सुरकुती नाही. भालदार हळूच म्हणाला, "इतकी वर कधी नव्हती."

चादर उशीवरून घेतलेली होती.